सिद्दी वस्तीतला लघुपट ब्लॅक सिनेमाच्या महोत्सवांना पाठवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूरच्या बाजूला सिद्दींच्या, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या, एका वस्तीत 24 मिनिटांचा कथा-लघुपट चित्रित झाला आहे. संवाद सिद्दींच्या कोकणीत आहेत, थोडे कानडीत. दिग्दर्शिका कोल्हापूरची. वस्तीतल्याच एका तरुणीने कथा रचायला मदत केली, मुख्य भूमिकाही तिचीच, पण श्रेयनामावलीत तिच्या नावापुढे ‘सहलेखन व समन्वय’ एवढंच आहे. हातात साठेक हजार रुपये उरलेत. दिग्दर्शिकेने विचारलं आहे ते असं: ब्लॅक सिनेमाच्या, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या सिनेमाच्या, आंतरराष्ट्रीय महोत्सवांना हा चित्रपट चालेल का, कुठे आणि कसा पाठवायचा, आणि त्या तरुणीचं नाव सहदिग्दर्शक म्हणून घातलं तर निवड होण्याची शक्यता वाढेल का?

शेवटचा मुद्दा आधी घेऊ, कारण बाकीचं सगळं त्यावरच ठरतं.

निवड व्हावी म्हणून नाव घालू नका. पण तिने ते काम केलं असेल तर आजच घाला, महोत्सवाला पाठवायचं असो वा नसो. काम केलं का, हे ठरवायला साधे प्रश्न पुरतात. कोणत्या घरात आणि कोणत्या वेळी चित्रण करायचं हे तिच्या म्हणण्यावरून ठरत होतं का? ‘असं आमच्यात कुणी बोलत नाही’ म्हणून तिने टेक थांबवला आणि तो खरंच थांबला, असं झालं का? बाकीच्या गावकरी कलाकारांना प्रसंग कोण समजावून देत होतं? संकलनाच्या टेबलावर ती होती का? यातल्या बहुतेकांचं उत्तर हो असेल तर ते सहदिग्दर्शनच आहे. उत्तर नाही असेल, पण कथा तिच्या घरातली, तिने सांगितलेली असेल, तर ‘सहलेखन’ नको, ‘लेखन’ म्हणून दोघींची नावं एका ओळीत, एका आकारात यायला हवीत. ‘समन्वय’ हे श्रेय आपल्याकडे वस्तीतल्या माणसाला फार सहज दिलं जातं, आणि त्याखाली लेखन, भाषांतर, कलाकारनिवड असं चार माणसांचं काम झाकलेलं असतं. नाव बदललं की दोन पानांचा करारही करा: श्रेय काय, बक्षिसाची रक्कम आणि पुढे प्रदर्शनाचे हक्क विकले तर वाटा किती, आणि महोत्सवाने एकालाच बोलावलं तर कोण जाणार.

महोत्सव या गोष्टीकडे इतक्या बारकाईने का बघतात, ते त्यांच्या जन्मकथेत आहे. फ्रेंच वसाहतींमध्ये 1934 साली एक फर्मान निघालं, तेव्हाचे वसाहतमंत्री पिएर लावाल यांच्या नावाने ते ओळखलं जातं. वसाहतीत चित्रण करायचं तर संहिता आणि माणसं दोन्हींसाठी सरकारची परवानगी आवश्यक झाली. परिणाम असा, की आफ्रिकेत कॅमेरे फिरत राहिले, पण ते आफ्रिकी माणसाच्या हातात नव्हते. पॅरिसच्या चित्रपटसंस्थेत शिकलेले पोलँ व्हिएरा आणि त्यांचे सहकारी यांनी 1955 मध्ये आपला लघुपट आफ्रिकेत नाही, पॅरिसमध्येच चित्रित केला. स्वातंत्र्यानंतर, 1969 च्या फेब्रुवारीत, पश्चिम आफ्रिकेतल्या, आजच्या बुर्किना फासोच्या वागाडुगू शहरात आफ्रिकी चित्रपटांचा आठवडा भरला. पहिल्या संयोजन समितीच्या अध्यक्ष अलिमाता सालांबेरे नावाच्या बाई होत्या, आणि उस्मान सेम्बेन यांच्यासारखे दिग्दर्शक त्यात सुरुवातीपासून होते. तोच आठवडा पुढे ‘फेस्पाको’ झाला. या महोत्सवांच्या नियमावलीत ‘चित्रपट कुणाविषयी आहे’ याच्या बरोबरीने ‘कुणी केला आहे’ हा रकाना येतो, तो इथून. प्रवेशअर्ज भरताना हे डोक्यात असलं की कुठल्या रकान्यात काय लिहायचं याचा गोंधळ होत नाही.

आता पात्रता. हे सगळे महोत्सव एकाच पट्टीने मोजत नाहीत, आणि पैसे वाया जातात ते नेमके इथे.

लॉस एंजेलिसचा पॅन आफ्रिकन फिल्म फेस्टिवल तुमच्यासाठी सगळ्यात सरळ आहे. डॅनी ग्लोव्हर, जा’नेट ड्युबॉइस आणि अयुको बाबू यांनी तो 1992 मध्ये सुरू केला. दरवर्षी फेब्रुवारीत भरतो. त्यांची अट आहे ती चित्रपट आफ्रिकी वंशाच्या लोकांनी केलेला किंवा त्यांच्याविषयीचा असण्याची. दिग्दर्शक स्वतः आफ्रिकी वंशाचा असलाच पाहिजे असं नाही. म्हणजे श्रेयनामावली आज आहे तशी राहिली तरी तुम्ही इथे पात्र ठरता. शिवाय जगभर पसरलेल्या आफ्रिकी वंशाच्या समाजांना तिथे आवर्जून जागा असते, आणि हिंद महासागराच्या या काठावरचे सिद्दी त्या नकाशात बसतात.

फिलाडेल्फियाचा ब्लॅकस्टार हा माओरी कारमेल होम्स यांनी 2012 मध्ये सुरू केलेला, ऑगस्टच्या सुरुवातीला भरणारा महोत्सव. तो कृष्णवर्णीयांबरोबरच ब्राऊन आणि मूलनिवासी दिग्दर्शकांसाठीही खुला आहे. दक्षिण आशियाई दिग्दर्शिका म्हणून तुम्ही स्वतःच्या ओळखीवर तिथे अर्ज करू शकता. मग अर्जात सिद्दी ओळख आपल्या अंगावर ओढून घ्यायची गरजच उरत नाही. तुम्ही कोण, ती कोण, काम कसं वाटलं, हे तीन वाक्यांत सरळ लिहा. माझ्या मते हा तुमच्या चित्रपटाला सगळ्यात जवळचा महोत्सव आहे, कारण मांडणीत धाडस केलेले लघुपट तिथे खऱ्या आस्थेने बघितले जातात.

अमेरिकन ब्लॅक फिल्म फेस्टिवलची प्रकृती वेगळी. तो 1997 मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्कोला सुरू झाला, 2002 मध्ये मायामीला गेला. हॉलिवूडमधल्या कृष्णवर्णीय कलावंतांना उद्योगाशी जोडणं हा त्याचा गाभा आहे. एचबीओच्या नावाची लघुपट स्पर्धा तिथली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट. पुढे ‘ब्लॅक पँथर’ करणारे दिग्दर्शक रायन कूगलर विद्यार्थी असताना 2011 मध्ये त्यांच्या लघुपटाला तिथे बक्षीस मिळालं होतं. लेखन, दिग्दर्शन, निर्मिती किंवा प्रमुख भूमिका अशा कळीच्या जागी आफ्रिकी वंशाची माणसं आहेत का, हे तिथे पाहिलं जातं. तुमचा चित्रपट कागदावर बसेलही, पण ओळखीचे चेहरे, इंग्रजी संवाद आणि दूरचित्रवाणीकडे जाणारी वाट असलेल्या कामांशी तिथे गाठ पडेल. पैसे मोजके असताना मी तरी हा अर्ज पहिल्या फळीत ठेवणार नाही.

फेस्पाको हा या सगळ्यांचा वडील. बुर्किना फासोच्या राजधानीत, विषम वर्षांत, फेब्रुवारीच्या शेवटी. मागचा 22 फेब्रुवारी ते 1 मार्च 2025 असा झाला, पुढचा 2027 मध्ये. सर्वोच्च बक्षीस म्हणजे घोड्यावर बसलेल्या येनेंगा राजकन्येचा सोनेरी पुतळा, 1972 मध्ये पहिल्यांदा दिला गेला. लघुपटांसाठी वेगळा पुरस्कार आहे, शिंगरूच्या नावाचा. इथे दिग्दर्शक आफ्रिकी किंवा आफ्रिकी वंशाचा असणं हीच मूळ अट आहे. अमेरिका-कॅरिबियनकडचे दिग्दर्शक त्यात येतात. भारतातली सिद्दी सहदिग्दर्शिका येईल का, हे अर्ज भरण्याआधी ईमेलने विचारून लेखी घ्या, आणि ईमेल फ्रेंचमध्ये लिहा. ती सहदिग्दर्शिका नसेल तर स्पर्धेचा अर्ज करूच नका. जुन्या माहितीवरून कुणी ‘तिथे 35 मिलिमीटरची प्रिंट लागते’ असं सांगेल. ते मुख्य स्पर्धेतल्या कथापटांना 2013 पर्यंत खरं होतं, 2015 पासून डिजिटल चालतं.

मॉन्ट्रियलचा महोत्सव फॅबिएन कोलास यांनी 2005 मध्ये हैतीच्या चित्रपटांसाठी सुरू केला आणि नंतर तो सगळ्या ब्लॅक सिनेमासाठी मोठा झाला; सप्टेंबरच्या शेवटी भरतो. त्यांचाच टोरंटोचा महोत्सव 2013 पासून फेब्रुवारीत असतो. नवोदितांना हाताशी धरून शिकवण्याचं काम ही मंडळी मनापासून करतात, पण ते प्रशिक्षण कॅनडात राहणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांसाठी आहे. तुम्ही फक्त चित्रपटाचा अर्ज करा. लंडनचा फिल्म आफ्रिका 2011 पासून आहे, पण त्याचा कल आफ्रिका खंडातल्या चित्रपटांकडे जास्त. रिओ द जानेरोत अभिनेते-दिग्दर्शक झोझिमो बुलबुल यांनी 2007 मध्ये सुरू केलेला ‘एन्कोन्त्रो दे सिनेमा नेग्रो’ मात्र विसरू नका. गुलामीतून समुद्रापार गेलेल्या लोकांच्या वाद्यांचं, नाचांचं, देवांचं काय झालं हा ब्राझीलचा जिव्हाळ्याचा विषय आहे. तुमच्या चित्रपटात दमामीचा, म्हणजे सिद्दींच्या ढोलावरच्या नाच-गाण्याचा, प्रसंग आहे असं लिहिलंत, तो तिथला प्रेक्षक कुणी न समजावता ओळखेल.

ऑस्करबद्दल एक खुलासा, कारण यावरून बरेच जण फसतात. पॅन आफ्रिकन आणि ब्लॅकस्टार हे लघुपटांसाठी ऑस्करची पात्रता देणाऱ्या महोत्सवांत मोडतात. पण पात्रता मिळते ती ठरावीक विभागातलं बक्षीस जिंकल्यावर. नुसत्या निवडीने नाही. चित्रपट श्रेयनामावलीसह 40 मिनिटांच्या आत असावा लागतो आणि त्याआधी तो यूट्यूबवर किंवा टीव्हीवर आलेला नसावा. म्हणून कुणी कितीही आग्रह केला तरी महोत्सवांची फेरी संपेपर्यंत तो कुठेही खुला टाकू नका. वस्तीत, आमंत्रित माणसांसमोर दाखवायला हरकत नाही, आणि ते सगळ्यांत आधी करावंच. फक्त त्याची वर्तमानपत्रात ‘प्रीमियर’ म्हणून बातमी देऊ नका.

आता चित्रपटाकडे. 24 मिनिटं ही अडचणीची लांबी आहे. लघुपट एकत्र बांधून 80 ते 100 मिनिटांचा खेळ केला जातो आणि त्यात सहा-सात चित्रपट बसवायचे असतात. तुमचा एक घेतला की दुसरे दोन बाहेर जातात. निवड करणारे गुणवत्तेवर भांडतात, पण बरोबरीच्या दोन चित्रपटांत लहान जिंकतो. 17-18 मिनिटांचं संकलन करून बघा. सुरुवातीच्या निर्मितीसंस्थांच्या तीन पट्ट्या, आभाराची पाटी आणि ड्रोनचं दृश्य काढलं की बहुधा दीड मिनिट तिथेच वाचतं. पहिल्या दोन मिनिटांत माणूस दिसला पाहिजे. निवडीच्या पहिल्या फेरीत एकेक जण रोज कितीतरी लघुपट बघतो, आणि त्याचा निम्मा निर्णय तेवढ्यात होतो.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो रंगसुसंस्करणाला (कलर ग्रेडिंगला), कारण या महोत्सवांत चेहरे कसे दिसतात याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळा ज्या नमुना-चित्रावरून रंग जुळवायच्या त्यावर गोऱ्या बाईचा चेहरा असायचा. तेव्हापासूनची सवय अजून अनेक कॅमेरामनच्या हातात आहे: चेहऱ्याचा उजेड 60-70 टक्क्यांवर आणायचा. गडद त्वचेला हे लावलं की ती धुतल्यासारखी, राखाडी होते. वेव्हफॉर्मवर (चित्रातला उजेड टक्क्यांत दाखवणाऱ्या आलेखावर) गडद चेहरा साधारण 25 ते 40 टक्क्यांत राहू द्या; त्वचेवरची चमक, गालाच्या हाडावरचा आणि कपाळावरचा उजेड, यातून चेहऱ्याला आकार मिळतो. तो उजेड चित्रणातच असावा लागतो. मोठा मऊ प्रकाशस्रोत बाजूने असेल तर पुढे सगळं सोपं जातं. चित्रण झालेलं आहे, तेव्हा आता एवढंच करता येईल: अख्खं दृश्य उजळू नका, मिडटोनमध्ये (मधल्या उजेडाच्या छटांमध्ये) चेहऱ्यापुरता मास्क करून थोडं उचला, लाल-नारिंगी छटा जपा, आणि मागची पांढरी भिंत किंवा आकाश खाली आणा. चेहरा काळा वाटतो तो बहुतेक वेळा मागचं फार उजळ असल्यामुळे.

दुसरी गोची पडद्याची. थिएटरच्या पडद्यावर पांढऱ्याचा उजेड 48 निट (उजेडाचं एकक) असतो, ग्रेडिंगच्या मॉनिटरवर 100, लॅपटॉपवर 300 च्या पुढे. लॅपटॉपवर ‘मस्त मूडी’ दिसणारं रात्रीचं घर पडद्यावर नुसता काळोख होतं. एखाद्या सिंगल स्क्रीनचा सकाळचा तास भाड्याने घ्या आणि बघा. उरलेल्या पैशांतला हा खर्च टाळू नका.

आवाजाचंही तसंच. वेबसाठी -14 एलयूएफएसला (आवाजाच्या पातळीचं माप) दाबून केलेलं मिश्रण थिएटरात कानठळ्या बसवतं. मग प्रोजेक्शनवाला आवाज कमी करतो आणि दमामी ऐकू येते, कुजबुज हरवते. संवाद मधल्या स्पीकरवर गेले पाहिजेत. नुसता स्टिरिओ दिला तर कडेला बसलेल्यांना माणूस डावीकडून बोलतोय असं वाटतं. पूर्ण 5.1 (भोवतालच्या स्पीकरांसह सहा वाहिन्यांचा ध्वनी) परवडत नसेल तर निदान डावा, मधला, उजवा एवढं वेगळं करून घ्या. ध्वनी 48 किलोहर्ट्झ, 24 बिट.

उपशीर्षकांवर निवड पडते किंवा उठते, आणि आपल्याकडे ते काम शेवटच्या रात्री होतं. दोन ओळी, ओळीला जास्तीत जास्त 40 अक्षरं, कमीत कमी एक सेकंद, जास्तीत जास्त सहा, सेकंदाला साधारण 15 अक्षरांचा वेग. दृश्य बदललं की उपशीर्षकही संपलं पाहिजे. कोकणी आणि कानडी यांतला फरक कथेत महत्त्वाचा असेल तर एका भाषेला तिरपा टाइप द्या, नाहीतर परक्या प्रेक्षकाला फॉरेस्टचा माणूस वेगळ्या भाषेत बोलतोय हे कळणारच नाही. गाण्यांचं भाषांतर गद्यात, थोडक्यात. इंग्रजी मसुदा झाला की तो त्या तरुणीबरोबर बसून, कोकणीत उलटं सांगत, ओळ न् ओळ तपासा. मराठीवरून केलेल्या अंदाजाने अर्थ हुकलेला तिथेच सापडतो. मग ज्याला दोन्ही भाषा येत नाहीत अशा एकाला दाखवा. फेस्पाको आणि मॉन्ट्रियलसाठी फ्रेंच उपशीर्षकं वेगळी करून ठेवा.

बघण्यासाठी पाठवायची प्रत: विमिओवर, पासवर्डसह, 1080पी, एच.264, 10 ते 15 मेगाबिट. उपशीर्षकं चित्रात छापलेलीच हवीत. वेगळी फाइल दिली तर बघणारा ती सुरू करेलच असं नाही. सुधारणा केली तर विमिओत त्याच दुव्यावर फाइल बदलता येते. नवा दुवा करू नका. दुवा आणि पासवर्ड वर्षभर जसाच्या तसा राहू द्या. चेहऱ्यांवरून जाणारा मोठा वॉटरमार्क लावू नका.

डीसीपी, म्हणजे थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत, निवड झाल्यावर करायची, पण कशी करायची ते आधी ठरवा. चित्रण सेकंदाला 25 फ्रेमवर असेल तर एसएमपीटीई प्रकारची डीसीपी करा, जुन्या इंटरऑप प्रकारात 25 भरवशाचं नाही. कुणी 24 मागितली तर चित्रपट संथ होऊन 24 मिनिटांचा 25 मिनिटांचा होईल, आणि आवाजाची पट्टी दुरुस्त केली नाही तर सगळे जाड आवाजात बोलतील. 23.976 वर चित्रित झालं असेल तर ते 24 करताना ध्वनीचा वेगही तेवढाच वाढवून घ्यावा लागतो. तो राहिला तर शेवटापर्यंत जवळजवळ दीड सेकंदाचा फरक पडतो. डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरतं. आकारमान फ्लॅट म्हणजे 1998 बाय 1080 किंवा स्कोप म्हणजे 2048 बाय 858. कुलूप लावू नका. परदेशी थिएटरात किल्ली वेळेवर चालली नाही तर खेळ रद्द होतो. 100 ते 150 मेगाबिटने 24 मिनिटांची डीसीपी 18 ते 27 जीबी होते. सेकंदाला 20 मेगाबिटने ती वर चढवायला दोन ते तीन तास लागतात, तेव्हा यल्लापूरच्या लॉजवरून शेवटच्या संध्याकाळी हा उद्योग करू नका. डिस्क मागितली तर ती ईएक्सटी3 पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. विंडोजच्या पद्धतीची डिस्क बरेच सर्व्हर वाचत नाहीत.

अर्ज बहुतेक ठिकाणी फिल्मफ्रीवे या संकेतस्थळावरून जातात. सारांश 25-30 शब्दांचा, मोठा सारांश 100 शब्दांचा, दिग्दर्शकाचं मनोगत 150 ते 200 शब्दांचं. ‘भारतातली हरवलेली आफ्रिकी जमात’, ‘विस्मृतीत गेलेले लोक’ अशी वाक्यं काढून टाका. सिद्दी हरवलेले नाहीत. ते तिथेच राहतात, शेती करतात, मतदान करतात, आणि 2003 पासून उत्तर कन्नडमध्ये अनुसूचित जमातीच्या यादीत आहेत. या महोत्सवांतले निवडकर्ते अशा वाक्यांना विटलेले असतात. मुलगी काय करायला बघते आणि काय आड येतं, एवढं लिहा. इतिहास द्यायचाच तर मनोगतात दोन वाक्यं: पोर्तुगीजांच्या गोव्यातून निसटून घाटात आलेली माणसं, कोकणी भाषा सोबत घेऊन. हे दुरून वाचणाऱ्याला नवं आहे आणि तुमच्या संवादांची भाषा त्यानेच समजते.

छायाचित्रं तीन ते पाच, चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्याने काढलेली, रुंदी किमान 2500 पिक्सेल. कार्यक्रमपत्रिकेत फोटो अंगठ्याएवढा छापला जातो. गडद पार्श्वभूमीवरचा गडद चेहरा तिथे दिसतच नाही. एक तरी फोटो दिवसाच्या उजेडातला, मागे मोकळी जागा असलेला हवा.

हक्कांच्या रकान्यावर सही करण्याआधी दोन गोष्टी तपासा. घरातल्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर वाजणारं सिनेमाचं गाणं चित्रपटात राहिलं असेल तर ते काढून दुसरा आवाज भरा. महोत्सवापुरता परवाना वेगळा मिळवणं तुमच्या आवाक्यातलं नाही. आणि दमामी वाजवणाऱ्या, गाणाऱ्या प्रत्येकाची संमती घ्या. कागद कानडीत, तो कोकणीत वाचून दाखवलेला, आणि वाचून दाखवतानाचं चित्रण जपलेलं. नुसत्या अंगठ्याला फार अर्थ नसतो. परदेशी महोत्सवात दाखवायला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही.

पैशांचं गणित असं मांडा. एका अर्जाचं शुल्क महोत्सव आणि मुदत यांप्रमाणे साधारण 20 ते 70 डॉलर. लवकरच्या मुदतीत भरलं तर बरंच कमी, शेवटच्या वाढीव मुदतीत कधीकधी दुप्पट. सहा-सात अर्जांवर थांबा. प्रत्येकाला आधी शुल्कमाफीचं विचारा. पाच ओळींचं ईमेल: चित्रपट काय, कुठे झाला, किती मिनिटांचा, निर्मितीसाठी कुणाचं पाठबळ नव्हतं, आणि दुवा. नाही म्हणाले तर राग मानू नका, अर्ज मात्र तुम्हाला योग्य वाटला तरच भरा. बँकेच्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून घ्या. मुदतीच्या रात्री पैसे अडकतात ते यामुळे. पैसे भरा आणि नक्की निवड करू असं सांगणारी ईमेलं येतील. नाव भारदस्त, खेळ मात्र कुठल्याच थिएटरात नाही, दर महिन्याला बक्षिसं. त्यांना एक रुपयाही देऊ नका.

क्रम मी असा लावेन: पॅन आफ्रिकन आणि टोरंटो फेब्रुवारीत असल्यामुळे त्यांचे अर्ज आदल्या वर्षीच, मुदत उघडताच. त्यानंतर ब्लॅकस्टार, मग मॉन्ट्रियल आणि रिओ. लघुपटाला ‘जगात पहिल्यांदा’ची अट बहुधा नसते, पण आधीचे खेळ खरे सांगा. उत्तर नकाराचं आलं तर कारण विचारत बसू नका, पुढच्याकडे वळा.

निवड झाली की 48 तासांत होकार कळवा आणि त्याच दिवशी निमंत्रणपत्र मागा, दोघींच्या नावाने. इथे बहुतेक गाडी अडते. अमेरिकेच्या अभ्यागत व्हिसाचं शुल्क किमान 185 डॉलर आहे, आणि मुंबईत मुलाखतीची तारीख कित्येकदा महिनोन्‌महिने मिळत नाही. लघुपटवाल्यांना विमानभाडं देणारे महोत्सव थोडे. राहण्याची सोय काही करतात. साठ हजारांत दोघींचा अमेरिका दौरा होत नाही, तेव्हा एकीलाच जाता येणार असेल तर त्या तरुणीला पाठवा, आणि चर्चेत तुम्ही व्हिडिओवरून बसा. तिच्यासमोर प्रश्न ठेवण्याआधी सूत्रधाराला सांगा, की ती कोकणीत बोलेल आणि दुभाषा लागेल. मुंबई-गोव्याकडची कोकणी-मराठी बोलणारी माणसं फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस, टोरंटो सगळीकडे आहेत; तिथल्या महाराष्ट्र मंडळाला आणि गोवेकरांच्या संघटनांना लिहिलं तर दुभाषाच नाही, राहायची जागाही मिळू शकते. सिद्दींची आणि घाटाखालची कोकणी यांत फरक आहे, तेव्हा आधी अर्धा तास फोनवर बोलणं होऊ द्या.

तिचा पासपोर्ट नसेल तर निवडीची वाट न बघता आत्ता अर्ज करा. 36 पानांच्या पासपोर्टला 1500 रुपये लागतात. अडतं ते नावाच्या स्पेलिंगवर: आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, जमातीच्या दाखल्यावर तिसरं. ते आधी एकसारखं करून घ्या, त्यातच दोन-तीन महिने जाऊ शकतात.

वागाडुगूला जायचं झालं तर आधी परराष्ट्र मंत्रालयाची त्या देशाबद्दलची सूचना वाचा. 2022 मधल्या दोन सत्तापालटांनंतर तिथली सुरक्षेची परिस्थिती नाजूक आहे, जरी 2023 आणि 2025 चे महोत्सव ठरल्याप्रमाणे पार पडले. पीतज्वराची लस आणि तिचं पिवळं प्रमाणपत्र लागतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनीच ते वैध होतं, मग आयुष्यभर चालतं. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, तारीख आधी घ्यावी लागते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयांची केंद्रं आहेत. प्रमाणपत्र नसताना तिकडून परतलात, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.